कशेळीचा हत्ती दिसलाच नाही, मदत हवी आहे

पाऊलवाट: गेल्या रविवारी आई-बाबांना घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीला हत्तीचं कातळशिल्प, म्हणजे जमिनीवरच्या खडकात कोरलेलं चित्र, बघायला गेलो. अर्धा तास सड्यावर (खडकाळ पठारावर) फिरलो, काही दिसलं नाही. बाबांचे गुडघे दुखतात, तरी शनिवारी परत यायचं म्हणतात. नक्की कसं बघायचं? लवकर सांगा.

रानवाटकरी: किती वाजता पोचला होतात? गावातलं कोणी बरोबर होतं का?

पाऊलवाट: साडेबारा. कोणी नव्हतं, मॅपवरची खूण बघत गेलो.

रानवाटकरी: मग बहुतेक हत्तीवरच उभे होतात! १८ मीटर बाय १३ मीटरचा आहे तो, उभ्याने एका नजरेत मावत नाही. भर दुपारी खाचेत सावली पडत नाही, सगळा जांभा दगड एकसारखा दिसतो. सकाळी आठच्या आत नाहीतर पाचनंतर जा. एक खाच धरायची आणि तिच्या कडेने चालत राहायचं.

दर्या६०: खडूची पूड टाका रेषांत. आमचे फोटो झकास आले होते.

जांभळी: दादा, कृपा करून खडू नको. जांभ्याच्या छिद्रांत पूड बसली की निघत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आलेली ठिकाणं आहेत ही. रेषांवर पायही देऊ नका.

दर्या६०: पावसात धुऊन जाते हो. इतकी वर्षं टिकलीच ना?

देवरुखची सून: काकांना त्रास आहे तर उक्षीच्या कातळशिल्पाला न्या. गावकऱ्यांनी भोवती कठडा बांधलाय, आख्खा हत्ती समोर दिसतो.

रानवाटकरी: वहिनी, प्रश्न कशेळीचा आहे. इथल्या हत्तीच्या पोटात सत्तरच्या वर आकृत्या आहेत, जमिनीवरच्या आणि पाण्यातल्याही. पाऊलवाट, गवत किती होतं?

पाऊलवाट: हो, ते राहिलंच. जागोजागी गुडघाभर.

रानवाटकरी: हे आधी सांगायचं ना! मग गावात विचारून कोणाला तरी सोबत घ्याच.

समुद्रकाठ: कशेळीच्या सूर्यमंदिरात कनकादित्याचं दर्शन चुकवू नका, रथसप्तमीचा उत्सव मोठा असतो. देवाचे गोठणेलाही जा, तिथल्या कातळशिल्पावर होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं.

पाऊलवाट: जाऊन आलो. गावातले एक काका सोबत आले, सव्वापाचला ऊन तिरपं झालं आणि पाठीची रेष उमटली. बाबा खाली बसले, खाचेत बोट घालून शेवाळाची सुकलेली खपली काढत कितीतरी वेळ ती रेष चाचपत होते. आता उक्षी म्हणतायत. वहिनी, रत्नागिरीहून रस्ता कसा आहे?