विषय: बाबांची पद्मिनी – शॉकप बदलले तरी मागून खडखड

नमस्कार मंडळी,

गणपतीसाठी गिरगावात आले आहे, अजून तीन आठवडे इथेच आहे. बाबांची 1989 ची प्रीमियर पद्मिनी मोटार अजून चालू आहे. चौपाटीपर्यंत एक फेरी मारल्याशिवाय त्यांचा रविवार सुरू होत नाही. पण पावसाळ्यापासून पेव्हर ब्लॉकवरून हळू गेलं की मागून, डाव्या बाजूने खडखड येते. गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकप बदलले, आवाज तसाच. आता म्हणतो, पाट्यांवर, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर, जळकं ऑइल मारू. आणखी एक, ॲक्सिलरेटर सोडला की गाडी किंचित उजवीकडे जाते, दिला की परत सरळ. बाबा म्हणतात, "जुनी झाली, काढून टाकू." ते मला ऐकवत नाही. सुरुवात कुठून करू?

– गिरगावची मुलगी

उत्तर:

अगं, आधी ते ऑइल थांबव. पाट्यांच्या दोन्ही टोकांना रबरी बुश असतात, म्हणजे बोल्टभोवती बसणाऱ्या रबरी नळ्या. तेल लागलं की रबर फुगतं आणि मऊ पडतं. चार दिवस आवाज बंद होईल, नंतर जास्त येईल.

तू शेवटी लिहिलंस ना, गाडी उजवीकडे जाते म्हणून, खरी खूण तीच आहे. शॉकप गेला तर गाडी डुलते, अशी वाट सोडत नाही. पद्मिनीचा मागचा ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा, अखंड असतो आणि त्याला पुढेमागे धरून ठेवायचं काम पाटेच करतात. डाव्या पाट्याचा पुढचा बुश झिजला असेल, तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर डावं चाक केसभर मागे सरकतं. ॲक्सल तिरका होतो, मागची चाकं डावीकडे बघू लागतात आणि गाडीचं नाक उजवीकडे वळतं. पाटा ॲक्सलला आवळून धरणारा यू-बोल्ट सैल असला किंवा पाट्याच्या पट्ट्या एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटला असला तरी हेच होतं, म्हणून तेही बघायचं. स्टिअरिंग सरळ ठेवून टेपने पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोज. फरक दिसला तर ॲक्सल जागेवरून हलला आहे. मग पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या गोल भोकापाशी, टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवायला सांग. चांगला बुश जेमतेम दबतो, गेलेला टकटक वाजतो. मागच्या टोकाचा शॅकल, म्हणजे पाटा गाडीला जोडणारा झुलता दुवा, तोही असाच तपासायचा. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्याच्या पिना गंजून झिजतात.

काम करताना तू शेजारी उभी राहा. पद्मिनीचा हँडब्रेक आणि गिअर, दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. मागची चाकं उचलली की गाडीला धरणारं काहीच उरत नाही. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे हवेतच. गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) बसवायची, नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू द्यायचं नाही. ॲक्सलखाली दुसरा जॅक ठेवायचा, नाहीतर त्याचं ओझं ब्रेकच्या रबरी पाइपवर येतं.

बुश दोन्ही बाजूंचे एकदम बदल. घालताना साबणाचं पाणी चालतं, ग्रीस नको. आणि बहुतेक गॅरेजं चुकतात ते इथे: गाडी वर टांगलेली असताना बोल्ट करकचून आवळतात. मग गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. आधी बोल्ट हाताने बसवायचे, गाडी चाकांवर उतरवून दोनचारदा दाबायची आणि मगच आवळायचे. यू-बोल्ट काढलेच तर नवे घाल, आणि 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घे.

– लालबागचा काका

उत्तर:

पार्ट्ससाठी कुर्ल्याला सीएसटी रोडवर जा, जुना बुश हातात घेऊन. वरून सगळे सारखे दिसतात, व्यास आणि लांबी जुळवून घे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर माल सहज मिळायचा, आता शोधावा लागतो. मिळाला तर दोन जोड घेऊन ठेव. ही गाडी कुर्ल्यातच बनायची. माझ्या मामांनी तिथे आयुष्य काढलं, म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

उत्तर:

काका, मोजलं. डावीकडे नऊ मिलिमीटर जास्त. डाव्या पाट्याचा पुढचा बुश अर्धा फाटलेला निघाला, बाहेरची कड नुसती लोंबत होती. यू-बोल्टही एका बाजूने सैल होता. सेंटर बोल्ट शाबूत. उजवा बुश बरा दिसत होता, तरी बदलला.

कुर्ल्याला चौथ्या दुकानात माल मिळाला. दोन जोड घेतले. गॅरेजवाला बोल्ट वरच आवळायला निघाला होता. मी तुमचं पत्र मोबाइलवर त्याच्यासमोर धरलं. त्याने सगळं वाचलं, गाडी खाली घेतली, बाबांना डिकीवर बसवलं, मला दुसऱ्या कोपऱ्यावर, आणि मग पाना लावला.

काल सकाळी बाबांना घेऊन चौपाटीला गेले. गल्लीतल्या पेव्हर ब्लॉकवर त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि कान देऊन ऐकलं. परत येईपर्यंत विकण्याचा विषय काढला नाही. 500 किलोमीटर व्हायला त्यांना वर्ष लागेल, म्हणून यू-बोल्ट मी निघायच्या आदल्या दिवशी समोर उभी राहून आवळून घेणार आहे.