मदत हवी: गटाच्या धिंगरी अळिंबीला दुसऱ्या लॉटपासून हिरवी बुरशी, कोणतं औषध?

मुळशीकरीण
आमच्या बचत गटाचं धिंगरीचं (ऑयस्टर मशरूमचं) शेड आहे, पौडच्या पुढे. पहिला लॉट झकास निघाला. दुसऱ्यात निम्म्या पिशव्या हिरव्या पडल्या, तिसऱ्यात त्याहून जास्त. आता बायकाही यायच्या बंद झाल्यात. परवा बैठक आहे, चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते ठरणार. हिरव्या बुरशीवर काय फवारायचं आणि डोस किती, एवढंच सांगा.

पेंढा_पाणी
पेंढा कसला, कधीचा? निर्जंतुक कसा करता? स्पॉन (पेंढ्यात मिसळायचं अळिंबीचं बियाणं) किती जुनं, पिशवीला किती? छप्पर कसलं? आणि मुख्य म्हणजे हिरवं कुठे दिसतं? तोंडाशी, भोकांपाशी असेल तर भरताना हातातून किंवा हवेतून आलंय. पिशवीच्या पोटात असेल तर पेंढाच नीट तापलेला नाही. हे कळल्याशिवाय औषध सांगणं चूक आहे.

गावरान_अंडी
अळिंबी शहरात खपते, गावात नाही. त्यापेक्षा गटाला गिरिराज कोंबड्या घ्या. अंड्याला दारातच गिऱ्हाईक. रात्रीच्या खुराड्यात पक्ष्यामागे दीड-दोन चौरस फूट जागा पुरते.

मुळशीकरीण
कोंबड्यांचं विचारलेलं नाही हो. पेंढा भाताचा, खाचरातलाच. २०० लिटरच्या पिंपात भिजवलेला पेंढा भरायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं, झाकण लावून तासभर. हिरवं मधोमधच असतं. स्पॉन सगळ्या लॉटचं एकदम आणलेलं, पिशवीला मूठभर. पत्र्याचं छप्पर. आता डोस सांगा.

पेंढा_पाणी
हिशेब करा. ४० किलो ओला पेंढा २५ अंशांवर, त्यावर ६० लिटर उकळतं पाणी. एकत्र होऊन जेमतेम ७० अंशांच्या आसपास जातं, आणि उघड्यावरच्या पिंपात तासाभरात आणखी घसरतं. पाहिजे ८० ते ८५, तेही पूर्ण तासभर. म्हणजे पिंप चुलीवर ठेवून खालून जाळ हवा. पेंढा ३-५ सेंमी कापून, ८-१० तास भिजवून, गोणपाटात सैल भरून बुडवा. थर्मामीटर गोणीच्या पोटात घाला, वरच्या पाण्यात नाही. तासाची मोजणी तिथे ८० दिसल्यावर सुरू.

मग निथळणं. मुठीत घट्ट दाबल्यावर थेंब पडता कामा नये, तळवा फक्त ओलसर व्हावा. घाईत इथेच बिघडतं, तळाशी पाणी साचून पिशवी आंबते. १ किलो कोरड्या पेंढ्याचा साधारण ३ किलो ओला होतो. स्पॉन ओल्या वजनाच्या २ टक्के, म्हणजे एवढ्या पिशवीला ६० ग्रॅम. काट्यावर मोजा, प्रत्येकीची मूठ वेगळी असते.

जुना_कृषीसेवक
एवढं सरपण कुठून आणणार? १०० लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) आणि १२५ मिली फॉर्मेलिन (जंतुनाशक), त्यात पेंढा बुडवून १८ तास झाकून ठेवा. शिफारशीतली पद्धत आहे. जाळ नाही, धूर नाही.

पेंढा_पाणी
पद्धत शिफारशीतली आहे, मान्य. पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते, हातमोजे-मास्कशिवाय बायकांना तिथे उभं करू नये. ते पाणी खाचरात किंवा ओढ्यात सोडायचं नाही, मग टाकायचं कुठे? शिवाय कोथरूड-बावधनच्या सोसायट्यांत माल न्यायचा असेल तर 'औषध मारलंय का' हा पहिला प्रश्न येतो.

जुना_कृषीसेवक
सोसायटीवाले मार्केट यार्डातली कोबी घेताना असं विचारतात का?

सहकार_मित्र
मूळ दुखणं संघटनेचं आहे. शेतकरी उत्पादक कंपनी काढा. १० उत्पादक लागतात, ५ संचालक.

हिशेबनीस
चार पिशव्यांच्या शेडला कंपनी काढू नका. दरवर्षीचं ऑडिट आणि विवरणपत्रं यांचाच खर्च अंगावर येईल. मुळशीकरीण, विक्रीचे पैसे आले की लगेच वाटता का? तसं असेल तर पुढच्या लॉटला जुनं स्पॉन वापरण्याची पाळी त्यातूनच येते. प्रत्येक विक्रीतून स्पॉन, पिशव्या, पेंढा यांचे पैसे आधी बाजूला काढा, उरलेले वाटा. भात झोडल्यावर वर्षाचा पेंढा घेऊन आडोशाला रचा, तेव्हाच स्वस्त मिळतो. वळवात भिजलेला पेंढा फुकट मिळाला तरी नको.

आणि सगळ्या पिशव्या एकाच दिवशी भरू नका. दर आठवड्याला थोड्या भरल्या तर दर आठवड्याला माल येतो आणि गिऱ्हाईक टिकतं. धिंगरी साध्या हवेत दुसऱ्या दिवशीच मलूल होते. एकदम आली की पडेल भावात जाते.

खोकला_नको
बायका नेमक्या का येत नाहीत, हे कुणी विचारलंच नाही.

मुळशीकरीण
पैसे कमी, हे एक. शिवाय तोडणी केली की खोकला येतो म्हणतात, दोघींना रात्री धाप लागते. पण धागा बुरशीचा आहे.

खोकला_नको
धागा याचाच आहे. धिंगरीचे बीजाणू पांढऱ्या भुकटीसारखे उडतात, बंद शेडमध्ये छातीत जातात, आणि ॲलर्जी दर तोडणीगणिक वाढू शकते. छत्रीची कड पातळ होऊन वर वळायच्या आधीच तोडा. माल टिकतोही जास्त. तोडणीआधी खिडक्या उघडून पाण्याचा फवारा मारा, नाकातोंडावर चांगला बसणारा एन ९५ मास्क हवा, पदर पुरत नाही. धाप लागणाऱ्या दोघींना डॉक्टरकडे पाठवा आणि तोडणीवरून काढून भरणी-विक्रीवर घ्या. त्यांचा वाटा कापू नका.

मुळशीकरीण
बरं. आत्ता ज्या हिरव्या झाल्यात त्यांचं काय? थोडंच हिरवं आहे अशाही आहेत.

पेंढा_पाणी
पोटात हिरवी पडलेली पिशवी वाचत नाही. शेडमध्ये फोडू नका, तशीच बांधून बाहेर न्या आणि वारा शेडकडून जिकडे जातो त्या बाजूला, लांब, खड्ड्यात पुरा. तोडणी संपलेल्या पिशव्याही शेडशेजारी टाकू नका, चिलटं तिथूनच येतात. शेड रिकामं करून रॅक धुवा, वाळवा, भिंतींना चुना मारा. मगच नवी भरणी. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी प्रकल्प आहे, ताज्या स्पॉनची तिथे चौकशी करा. बाटलीत पांढरं सोडून दुसरा कुठलाही रंग दिसला तर परत द्या. आणि पत्र्यावर पेंढ्याचा थर टाका. आत २८ अंशांच्या वर जात असेल तर उन्हाळ्यात भरणी थांबवा.

गावरान_अंडी
उन्हाळ्यात शेड रिकामंच राहणार तर कोंबड्या...

पेंढा_पाणी
त्या शेडमध्ये अजिबात नको. कोंबड्यांची विष्ठा आणि तूस आत गेलं की पुढच्या हंगामात पुन्हा हिरवं.

मुळशीकरीण
थर्मामीटर साधा, तापाचा चालेल का?

हिशेबनीस
नाही, तो ४२ पर्यंतच दाखवतो. ११० अंशांपर्यंतचा, लांब दांड्याचा घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळेल.