फौजी भावाचा टर्म विमा: एजंट म्हणतो, व्यवसायात नुसतं 'सरकारी नोकरी' लिहू

होटगी रोडची ताई

लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. धाकटा भाऊ फौजेत आहे, नऊ वर्षं झाली, हुद्दा नाईक. सध्या लडाखकडे. नेमकं कुठं ते तो सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, मुलगी आठ महिन्यांची. जुळे सोलापुरात फ्लॅट बघितलाय, 28 लाखांचं कर्ज होतंय. त्याचे कागद मी बघते. मी एका चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिते, त्यामुळं फॉर्म म्हटलं की घरात सगळ्यांची मान माझ्याकडं वळते.

कर्ज आहे तर 50 लाखांचा टर्म (ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा) असावा म्हणून ओळखीतल्या एजंटला बोलावलं. चहा झाला, जाताना शेंगाचटणीचा पुडाही घेऊन गेला. फॉर्म मोबाईलवरच भरत होता. व्यवसायाच्या रकान्यात टाकलं 'सरकारी नोकरी'. म्हटलं, अहो, तो आर्मीत आहे. तर म्हणे, "ताई, आर्मी लिहिलं की वेगळी प्रश्नावली येते, हप्ता वाढतो, कधी फाइलच परत येते. नोकरी सरकारीच आहे की, खोटं काय त्यात?" तसं बघितलं तर खोटं काहीच नाही. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसरं, गेल्या वर्षी धाकट्याचं बीपी वाढलं होतं. सहा महिने लो मेडिकल कॅटेगरीत होता, आता परत शेप वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त आहे. एजंट म्हणतो, बरा झालाय ना, मग जुनं कशाला उकरायचं?

तिसरं, 25 लाखांचा अपघाताचा रायडर, म्हणजे मूळ विम्यावरचं जादा कव्हर, जोडलाय. त्याचं बारीक अक्षरातलं मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं. सैन्यातल्या नोकरीमुळं झालेला अपघात धरणार नाहीत. पण माणूस ड्युटीवर नसेल, किंवा नैसर्गिक आपत्तीत बचावकार्य करत असेल, तर धरणार. म्हणजे पुरातून लोकांना काढताना काही झालं तर पैसे आणि बर्फात गस्त घालताना झालं तर काही नाही? मी बरोबर वाचतेय ना?

फॉर्म तयार आहे, फक्त धाकट्याच्या मोबाईलवर येणारा ओटीपी द्यायचा राहिलाय. एजंटचा रोज सकाळी मेसेज येतो, "आला का?"

कडक भाकरी

ओटीपी देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतील. आणि चटणीचा पुडा परत मागा.

निवृत्त क्लर्क, बार्शी

रामराम ताई. मी फौजेत क्लर्क होतो, सुभेदार होऊन घरी आलो. बंदूक कमी चालवली, फॉर्म जास्त. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी घरात काय आहे ते बघा. धाकट्याची पे स्लिप मागवा, त्यात एजीआयएफची कपात दिसेल. आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड, 1 जानेवारी 1976 पासून आहे आणि सगळ्यांना सक्तीचा. पोरं त्याला 'कटतंय ते' एवढंच म्हणतात. सेवेत असताना मृत्यू कशानंही होवो, गोळीनं, हिमस्खलनात, आजारानं किंवा सुट्टीवर आल्यावर मोटारसायकलवरून पडून, पैसे मिळतात. पोस्टिंग फील्डला (सीमेकडं) की पीसला (शांत ठिकाणी) हा प्रश्नच तिथं नाही. कपातीतला थोडा भाग विम्याला जातो, बाकीचा साठतो आणि निवृत्तीला हातात येतो. कव्हरचा आकडा अधूनमधून वाढवतात, म्हणून माझ्या काळचा सांगून उपयोग नाही. आजचा त्याच्या युनिटच्या क्लर्कला विचारा. तो आकडा कळल्याशिवाय 50 लाख हवेत की 30, हे ठरवताच येणार नाही. घरासाठी कर्जही हाच फंड देतो. बँकेत सही करण्याआधी व्याज ताडून बघा.

यात एक मेख आहे. फौज सोडली की हे छत्र जातं. निवृत्तीच्या वेळी एकरकमी हप्ता कापून पुढचा एक्स्टेंडेड विमा मिळतो, पण त्याची रक्कम सेवेतल्याइतकी नसते. जवान घरी येतो चाळिशीच्या आतबाहेर, आणि पोरांची शिक्षणं तर तेव्हा सुरू होतात. म्हणून बाहेरचा टर्म घेताय हे योग्यच.

आता 'सरकारी नोकरी'. तलाठीही सरकारी नोकर आणि सियाचीनला बसलेला जवानही सरकारी नोकर, पण कंपनीला त्यातला फरकच जाणून घ्यायचाय. प्रश्नावलीत असतं तरी काय? हुद्दा कोणता, कुठल्या शाखेत, विमानातून उडी, पाणबुडी, बॉम्ब निकामी करणं असलं काही आहे का, कुठं जायचा हुकूम निघालाय का. तेवढंच. नाईक आहे म्हणून कुणी दार लावत नाही. एखादी कंपनी हप्ता वाढवेल, एखादी नाही म्हणेल, एखादी नेहमीच्याच दरात देईल. नाही म्हणाली तर दुसरीकडं जाऊ. पण लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे गाठीला बांधलेली खोटी नोट, ऐन बाजारात कळतं.

एजंट लोक तुम्हाला कलम 45 ऐकवतील. विमा कायदा 1938 चं ते कलम, 2015 साली दुरुस्त झालं. पॉलिसी तीन वर्षं चालली की कंपनी ती कुठल्याच कारणानं खोटी ठरवू शकत नाही. म्हणून म्हणतात, तीन वर्षं काढा, सुटलात. अहो, पण धाकटा लडाखला आत्ता आहे! धोका पहिल्या तीन वर्षांतच जास्त आणि कंपनीला कागद उकरायची मुभाही त्याच तीन वर्षांत. त्यात फसवणूक ठरली तर भरलेले हप्तेही जाऊ शकतात.

बीपीचंही तेच. फौजेत मेडिकल कॅटेगरीचा कागद कधी हरवत नाही, बाकी सगळं हरवतं. क्लेमच्या वेळी कंपनी तोच मागवणार. कॅटेगरी कधी खाली आली, कधी वर गेली ते तारखांसकट लिहा आणि रिव्ह्यूचा (फेरतपासणीचा) कागद जोडा.

रायडर तुम्ही अगदी बरोबर वाचलाय. मूळ टर्ममध्ये बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षातली आत्महत्या सोडली तर वगळलेलं फारसं काही नसतं. युद्ध, लष्करी कारवाई हे सगळं अपघाताच्या रायडरमध्ये आणि वैयक्तिक अपघात पॉलिसीत लपलेलं असतं. म्हणजे तुमच्या रायडरनं धाकटा खरा विमावाला ठरतो तो सोलापूरला सुट्टीवर असताना. त्याला अर्थ नाही असं नाही. जवान सुट्टीत गाडी कशी चालवतात ते मी पाहिलंय. फक्त वर्षातल्या त्या दोन-तीन महिन्यांसाठी एवढा हप्ता द्यायचा का, ते तुम्ही ठरवा. जनधनवाल्या बँकेतसुद्धा वर्षाला 20 रुपयांत 2 लाखांचा अपघात विमा मिळतो, प्रधानमंत्री सुरक्षा विमा.

शेवटचं, तुम्ही न विचारलेलं. नॉमिनेशन कुणाच्या नावावर आहे? पोरगा एकोणीस वर्षांचा असताना ट्रेनिंग सेंटरला फॉर्म भरतो, तेव्हा आईचं नाव लिहितो. पुढं लग्न होतं, लग्नाची पार्ट टू ऑर्डर (युनिटची अधिकृत नोंद) निघते आणि त्याला वाटतं सगळीकडं बायकोचं नाव लागलं. विम्याचं नॉमिनेशन वेगळं बदलावं लागतं. आमच्या पलटणीतला एक जण सुट्टीत टेंभुर्णीजवळ वारला. सासू आणि सून ऑफिसात आल्या, एकाच बाकावर बसल्या, मधे कापडी पिशवी. दोघी माझ्याकडं बघत होत्या, एकमेकींकडं नाही. फॉर्मवर आईचं नाव होतं आणि तो फॉर्म मीच भरून घेतलेला.

पंढरपूरची विमावाली

सुभेदार साहेबांनी आमच्या धंद्याची लाज काढली, पण बरोबर काढली. मी अकरा वर्षं पॉलिस्या विकते. फौजींची प्रश्नावली भरायला मला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांचाच कंटाळा असतो, दुसरं काही नाही.

ताई, एजंटनं दिलेल्या हप्त्याच्या कागदावर 18 टक्के जीएसटी लावलाय का बघा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक जीवन विम्यावर जीएसटी नाही. अजून लावलेला असेल तर कोटेशन जुनं आहे.

सगळीकडं अडलंच तर सरल जीवन विमा आहे. 2021 पासून प्रत्येक आयुर्विमा कंपनीनं तो ठेवायचाच आहे, अटी सगळीकडं सारख्या, व्यवसायावरून किंवा राहण्याच्या जागेवरून अडवायचं नाही. मात्र कव्हर साधारण 5 ते 25 लाख, आणि पहिले 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूला पैसे. पोस्टाचा विमा 50 लाखांपर्यंत मिळतो आणि जवानांना युनिटमधूनच घेता येतो. 1884 पासून चालू आहे, भरवशाचा. पण तो टर्म नाही, त्यात बचत असते, म्हणून तेवढ्याच कव्हरला हप्ता कितीतरी जास्त बसतो.

आणि टर्म घेतानाच 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली घ्या. पैसे बायको-मुलीचेच राहतात, कर्जवाल्याला हात लावता येत नाही. नंतर सांगून होत नाही, प्रपोजलच्या, म्हणजे विम्याच्या अर्जाच्या वेळीच फॉर्म जोडावा लागतो.

मोहोळकर

मधेच विचारतो. पुतण्या अग्निवीर आहे, दुसरं वर्ष. त्याला पण एजीआयएफ लागतं का?

निवृत्त क्लर्क, बार्शी

नाही, त्याचं गणित वेगळं. चार वर्षांसाठी 48 लाखांचा विमा सरकार देतं, त्याच्या पगारातून त्यासाठी काही कापत नाहीत. कापतात ते सेवा निधीचे (चार वर्षांनी एकरकमी मिळतो तो) 30 टक्के, तेवढेच सरकार घालतं. ड्युटीमुळं मृत्यू झाला तर 44 लाखांचं सानुग्रह अनुदान वेगळं. पण चार वर्षं संपून घरी आला की विमा संपला, पेन्शन नाही, ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) नाही. त्यानं स्वतःचा छोटा टर्म आत्ताच घ्यावा, एकवीस-बावीसला हप्ता किरकोळ असतो. आणि व्यवसायात 'अग्निवीर' असंच लिहायचं, काय!

होटगी रोडची ताई

सगळ्यांचे आभार. काल रात्री साडेनऊला धाकट्याचा फोन लागला. चार मिनिटं मिळाली, त्यातली एक "जेवलास का" मध्ये गेली. पे स्लिपचा फोटो पाठवलाय. मेडिकलचा कागद युनिटमधून मागतो म्हणाला. रायडर काढून टाकायला सांगितलं मी, तो हसला, म्हणाला, "म्हणजे मी फक्त सुट्टीतच महागडा?"

नॉमिनेशन विचारलं तर जरा वेळ गप्प. आईच्याच नावावर आहे, सगळं.

आई शेजारी बसून विड्या वळत होती, फोन स्पीकरवर होता. तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा गुंडाळला, सुपात ठेवली. मग म्हणाली, "पोरीचं आणि सुनेचं लाव. माझं थोडं राहू दे, आना दोन आने." धाकटा म्हणाला, आई, तिथं टक्के असतात. "मग टक्के लाव."

एजंटचा सकाळी परत मेसेज होता. मी लिहिलं, फॉर्म नवा भरायचाय, व्यवसायात भारतीय सैन्य, नाईक, आणि ती प्रश्नावली घेऊन या. अजून निळी टिक आलेली नाही.

सुभेदार काका, आईला वीस टक्के चालतील ना? की मी उगाच कमी सांगतेय?