मदत हवी आहे: कुशीनगरहून लुंबिनी, सीमा पायी ओलांडायची आहे आणि मतदार कार्डात घोळ

नमस्कार मंडळी. मी अमळनेरचा. दिवाळीनंतर मी आणि मावसभाऊ, दोघंच, पाठीवर सॅक टाकून नेपाळात जायचं म्हणतोय. देशाबाहेर दोघांचीही पहिलीच वेळ. हातात आठ-नऊ दिवस, मग हरभऱ्याला पाणी द्यायला घरी हजर व्हायचंय.

आमच्याकडच्या शाळांची सहल अजिंठ्याशिवाय जाते कुठे! दोन नंबरच्या लेणीत मायादेवीचं स्वप्न आणि बुद्धाचा जन्म रंगवलाय. गाइड टॉर्च मारून पुढे सरकला, मी तिथेच उभा राहिलो आणि मास्तरांचा धपाटा खाल्ला. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी तेव्हापासून डोक्यात आहे.

भुसावळहून कुशीनगर एक्सप्रेस धरायची. नाव कुशीनगर, पण गाडी संपते गोरखपूरला. पुढे पन्नासेक किलोमीटर रस्त्याने. म्हणजे आधी बुद्धाचं महापरिनिर्वाण झालं ते कुशीनगर, मग जन्म झाला ती लुंबिनी. उलटा क्रम, पण गाडीच तशी आहे. तिथून सिद्धार्थनगर जिल्ह्यातलं पिपरहवा. १८९८ साली पेप्पे नावाच्या इंग्रज जमीनदाराने तिथला स्तूप खणला, आत अस्थिकलश निघाले. बुद्धाचं बालपण गेलं ते कपिलवस्तू आपल्याकडे म्हणजे हेच. नेपाळवाले म्हणतात, आमचं तिलौराकोट. दोन्ही बघायची इच्छा आहे.

लुंबिनीच्या स्तंभावर लिहिलंय की अशोक राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर तिथे आला आणि गावाचा शेतसारा आठव्या हिश्शावर आणला. हे वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "मग तिथलाच सातबारा काढून ये."

आता अडचण. नेपाळला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड लागतं, आमच्या वयाला आधार चालत नाही, एवढं माहीत आहे. माझ्याकडे पासपोर्ट आहे. भावाकडे नुसतं मतदार कार्ड, आणि त्यावर मराठीत पाटील, इंग्रजीत पटेल! दुरुस्तीचा आठ नंबरचा फॉर्म भरून दीड महिना झाला, नवीन कार्डाचा पत्ता नाही. गल्लीत जो तो अहिराणीत विचारतो, "कथा चालनात रे भो?" (कुठे चाललात रे भाऊ?) हा म्हणतो, आधी पाटील का पटेल ते ठरू द्या.

तर असं जुनं कार्ड घेऊन कुणी पायी सीमा ओलांडली आहे का? सोबत आधार दाखवलं तर समजून घेतात, की परत पाठवतात? कागदावरचा नियम नको, स्वतःचा अनुभव सांगा.

दुसरं, सगळे सोनौलीच्या सीमानाक्यानेच जा म्हणतात. पण पिपरहव्याहून काकरहवा नाका जवळ पडतो, आणि पलीकडे लुंबिनीही जवळ. तिथून आपल्याला पायी सोडतात का? पलीकडे संध्याकाळी गाडी मिळते का?

पुढे लुंबिनीहून पोखरा. तानसेनवरून डोंगरातून जावं आणि एक रात्र तिथेच काढावी असं माझं मत. भावाला घाट लागतो, त्याला नारायणगढचा लांबचा रस्ता हवाय. कुणी दोन्हीकडून गेलंय का?

पैशांचा हिशोब सोपा वाटतोय, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०. पण आपल्या पाचशेच्या नोटा दुकानदार घेतात का? जेवणाची काळजी करू नका, आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आत्ताच कबूल केली आहे.

रेल्वेचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, ती तारीख येत्या सोमवारी आहे. कार्डाचं तेवढं त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.