ट्रेडमिल घरात आहे, तरी बडोद्याच्या कमाटी बागेत जायचं का?

दांडियाबाजारवाली:
सासरे रिटायर्ड, वय ७१. शुगर-बीपी गोळ्यांवर ताब्यात. रोज संध्याकाळी समोर बातम्या लावून ट्रेडमिल. पावलं पूर्ण होतात, पण रात्री दोनला टक्क जागे आणि दिवसभर सगळ्यांवर करवादतात. नणंद म्हणते, सकाळी कमाटी बागेत धाडा. चालणं तेच ना? रिक्षाभाडं कशाला?

सूरसागरचा_बोका:
तेवढा वेळ तरी तुमच्यावर करवादणार नाहीत. भाडं वसूल.

फतेगंजकर:
चालणं तेच, उजेड वेगळा. ट्यूबलाइटखाली फार तर ५०० लक्स (उजेडाचं माप) मिळतात, सकाळी उघड्यावर हजारोंनी. मेंदूतलं घड्याळ त्या उजेडावर लागतं, मग रात्री झोपही वेळेवर येते. शिवाय चालताना बातम्यांतली भांडणं! माझ्या मते निम्मं दुखणं तिथंच आहे.

इंग्लंडमधल्या जवळजवळ २०,००० लोकांची पाहणी २०१९ मध्ये छापून आली होती. आठवड्याला किमान १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणारे स्वतःची तब्येत जास्त चांगली सांगत होते; एकदम घालवा की थोडी थोडी, फरक नव्हता. आता धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडतात, असंही असेल. पण करून बघायला काय जातं?

मी काळ्या घोड्याच्या पुतळ्याकडून आत शिरतो. सयाजीरावांनी १८७९ मध्ये केलेली बाग, झाडं जुनी. पावलं मोजणं मात्र बंद करायला सांगा. वडाखाली थांबून पारंबीचं टोक बघावं: वर दोरखंड, खाली कोवळं, फिकट. चैत्रात कडुलिंबाखाली बसलं की सदऱ्यावर बारीक पांढरी फुलं पडतात. ती झटकायचीही घाई नको.

दांडियाबाजारवाली:
आणि बागेतून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरी?

फतेगंजकर:
काठाला उतरायचं नाही, पुराच्या दिवसांत जायचं नाही. बाकी २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्या आपणहून सोसायट्यांत आल्या होत्या, तेव्हा घरी बसून तरी कुठे सुटका?

रावपुऱ्याची_माई:
अगं, शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना, मग उपाशीपोटी धाडू नकोस. खिशात साखरेची पुडी दे. आणि दोनला लघवीसाठी उठत असतील तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाल, ते बागेनं जायचं नाही.