डोंगराळ भागाच्या विकासात शहरांचं काम काय?

पायवाट: अजेंडा २१ म्हणजे शाश्वत विकासाचा संयुक्त राष्ट्रांचा १९९२चा कृती आराखडा. त्यातलं तेरावं प्रकरण खास पर्वतांवर आहे. भर पाणलोट, उपजीविका आणि डोंगरी परिसंस्थांच्या अभ्यासावर. शहरांना तिथे फारशी जागा नाही. मग शहर म्हणजे डोंगरावरचा नुसता भारच समजायचा का?

पाणलोटकर: अजिबात नाही. मी पाणलोटाच्या कामात आहे, म्हणून कळकळीने लिहितो. वरच्या वस्तीतल्या बाईचं बाळंतपण अडलं, पोरांना पुढे शिकायचं असलं, लोकर-बटाटा विकायचा असला, तर जवळचं छोटं शहरच कामी येतं. ते नसेल तर माणसं थेट सपाटीला उतरतात आणि वरच्या शेतांचे बांध ढासळायला लागतात.

पण शहराने वरच्या उताराचं देणं फेडलंच पाहिजे. अँडीज पर्वतातली इक्वाडोरची राजधानी किटो बघा, उंची सुमारे २८५० मीटर. तिथलं पाणी पारामोतून येतं. पारामो म्हणजे अतिउंचावरची गवताळ जमीन. तिची माती पाऊस आणि धुकं धरून ठेवते, मग सावकाश सोडते. गुरं फार चरली किंवा आगी लागल्या की तिची ही ताकद जाते. किटोने २०००मध्ये पाणी निधी उभारला. शहराच्या पाणी कंपनीच्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा त्यात जमा होतो आणि पारामो राखण्यावर खर्च होतो. मला हा नमुना फार मोलाचा वाटतो.

उतारावरचा: आणि उत्तराखंडातलं जोशीमठ? जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं गाव. मोठी बांधकामं नकोत, झाडं तोडू नका, पाण्याचा निचरा नीट करा, असं सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६मध्येच बजावलं होतं. २०२३च्या जानेवारीत घरांना मोठाले तडे गेले.

पाणलोटकर: मान्य, आणि याचं फार वाईट वाटतं. जमीन किती भार पेलेल हे आधी ठरवायचं, परवानगी त्यानंतर. त्याहून जास्तीची वस्ती आजूबाजूच्या गावांत विभागायची आणि त्यांना चांगल्या वाहतुकीने जोडायचं. बोलिव्हियातलं ला पाझ आणि त्याच्या डोक्यावरचं एल आल्तो शहर २०१४पासून रोपवेने जोडलेली आहेत. रोजचे प्रवासी त्यातून ये-जा करतात.

पायवाट: छोट्या गावाला किटोसारखा स्वतःचा पाणी निधी झेपेल?

पाणलोटकर: एकट्याला अवघड आहे. खोऱ्यातल्या गावांनी एकत्र यावं आणि खाली पाणी पिणाऱ्या मोठ्या शहराकडे वाटा मागावा. न्यूयॉर्क तर समुद्राकाठी, तरी १९९७च्या करारापासून, जिथून त्याचं पाणी येतं त्या कॅट्सकिल डोंगरातल्या सेप्टिक टाक्यांच्या दुरुस्तीला आणि सांडपाणी प्रकल्पांना पैसे देतं. पाणी गाळायचा प्रकल्प बांधला असता तर अब्जावधी डॉलर गेले असते.