जाँसाक फक्त ‘बायको’ नव्हती

फ्रेंच अभिनेत्री क्लोद जाँसाक म्हणजे विनोदी नट लुई द फ्युनेसची पडद्यावरची बायको, बाकी काही नाही, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटलं. तो थयथयाट करणार आणि ही शांतपणे बघत राहणार. तिच्या त्या थंडपणामुळेच त्याचा आरडाओरडा हसवतो. १९६८ साली पोलिसांवरच्या ‘झाँदार्म’ या विनोदी चित्रपट मालिकेत ती त्याची बायको जोसेफा झाली. १९७९च्या भागात जोसेफा म्हणून मारिया मोबाँ आली, आणि (मला तरी) बायकोला लाडाने मारलेली त्याची ती ‘मा बीश’ (माझी हरिणी) ही हाक तिथे अळणी लागली. १९८२मध्ये जाँसाक परतली.

त्या मतात राहून गेलेली गोष्ट म्हणजे २०१५चं सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्काराचं नामांकन. ‘लुलू फाम न्यू’ या चित्रपटातल्या सहायक भूमिकेसाठी, वयाच्या ८७व्या वर्षी! द फ्युनेस जाऊनही तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती.